पूजेतला पाना

आमच्या घरात आठवड्याला दोन सुट्ट्या असायच्या आणि त्या एकमेकींना कधी भेटायच्या नाहीत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना विजेच्या वाटणीमुळे गुरुवारची सुट्टी, आणि माझ्या शाळेला जगासारखी रविवारची. गुरुवारी नवरा बनियनवर अंगणात बसून काहीतरी घासत असायचा तेव्हा मी सातवीला गुणोत्तर शिकवत असायची. रविवारी मी डोक्यावरून पाणी घेऊन केस वाळवत बसलेली, आणि तो डबा घेऊन सायकलवर निघालेला. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, बरं आहे, भांडायला वेळच मिळत नाही. त्यांना काय माहीत, भांडण साठवूनही ठेवता येतं.

समोर मी त्याला 'अहो' म्हणायची. लिहिताना 'तो' म्हणणार आहे. वय झालंय आता माझं, तेवढी मुभा घेते. तो एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. टूलरूम म्हणजे जिथे बाकीच्या कारखान्यासाठी साचे आणि हत्यारं बनतात ती जागा. तिथली माणसं केसाच्या जाडीचे भाग करून बोलतात आणि घरी येऊन पोळी गोल नाही म्हणून हळहळतात. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी कधीतरी, आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौथी आली ती मोटार. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडायचे आणि नाक असं काही फुगीर होतं की त्या मॉडेलला सगळेच डुक्कर म्हणायचे. आम्हीही म्हणायचो, पण प्रेमाने.

आदल्या हिवाळ्यात तो कुणाबरोबर तरी ऑटोक्रॉस बघायला गेला आणि येताना ते वेड घेऊन आला. माळावर ड्रम आणि झेंडे मांडून वेडावाकडा रस्ता आखायचा, एकेका गाडीने एकटीने सुटायचं आणि घड्याळाशी भांडायचं, असा तो खेळ. पुण्याचा एक मोटर क्लब तो भरवायचा. पावसाळा संपून जमीन वाळली की दसऱ्याच्या सुमाराला हंगाम सुरू, तो होळीपर्यंत. पुढच्या हंगामात आपण उतरायचं, असं त्याने ठरवलं. आपण म्हणजे तो. मी स्टॉपवॉच धरणार होते.

मे महिन्यात शाळेला सुट्टी, त्यामुळे वर्षातून एकदाच आमचे गुरुवार जुळायचे. आम्ही गाडी घेऊन वाकडला जायचो. तेव्हाचं वाकड म्हणजे ज्वारीची रानं, चार विहिरी आणि एक देऊळ. तिथल्या एका काकांचं पाण्याचं इंजिन नवऱ्याने एकदा नीट करून दिलं होतं. त्या बदल्यात काकांनी उन्हाळ्यापुरतं नांगरट न केलेलं एक रान आम्हाला दिलं. काका साठीचे, धोतर-बंडीतले, आणि मी शिक्षिका म्हणून मला 'बाई' म्हणणारे. पालथी घमेली मांडून आम्ही रस्ता आखायचो. काका बांधावर बसून बघायचे आणि घमेलं उडालं की स्वतः उठून सरळ करायचे.

एका गुरुवारी नवरा पाणी प्यायला थांबला तेव्हा काकाच म्हणाले, बाई, तुमी बी घ्या की एक फेरी. मला गाडी येत होती. माझे वडील धरणाच्या कामावर कंत्राटदार होते. मी सायकलच्या आधी जीप शिकले. हे नवऱ्याला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि लक्षात असणं या दोन गोष्टी आहेत. मी सीट खटका दाबून पुढे ओढली, पदर खोचला आणि सुटले. ती फेरी मला आजही वळणावळणाने आठवते. तिसऱ्या घमेल्यापाशी गाडीचं मागचं अंग हलकेच बाहेर गेलं आणि मी ते जाऊ दिलं. माझ्या आयुष्यात तोवर मी काहीही असं जाऊ दिलं नव्हतं.

परत आले तर दोघे घड्याळावर वाकलेले. काकांनी मान वर केली.

"बाई, तुमचा काटा कमी हाय. ह्यांच्या परीस कमी."

नवऱ्याने घड्याळाची काच शर्टाला पुसली आणि म्हणाला, "जमीन दबली आहे आता. नंतरच्या फेरीला पकड चांगली मिळते."

त्याचं हे असंच होतं. कौतुकाच्या जागी तो कारण द्यायचा. कारण खरंही असायचं, हा आणखी ताप. मी गाडीतून उतरले, घड्याळ हातात घेतलं आणि बांधावर जाऊन बसले. पण मी बसले एवढंच. माझे पाय नंतर चार महिने बसले नाहीत.

जून लागला. रान चिखल झालं, गाडी शेडमध्ये गेली आणि तयारीच्या नावाखाली तिची आतडी बाहेर आली. प्रत्येक गुरुवारी मी शाळेतून येऊन बघायची तर एखादा नवीन भाग वर्तमानपत्रावर मांडलेला. मागची गादी आणि ड्रायव्हरशेजारची सीट काढली, वजन नको म्हणून. गालिचे गेले. दारांच्या आतले पुठ्ठे गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वाण्याचं कॅलेंडर होतं, त्यावर हंगामाचे सगळे रविवार त्याने लाल पेन्सिलीने गोल करून ठेवले. रविवार हा त्याच्या कामाचा दिवस. त्यामुळे श्रावणभर तो सुट्टीची अदलाबदल करायला कोण तयार होतो ते हुडकत फिरला. कुणाच्या पोराच्या बारशाला मदत, कुणाच्या मिक्सरची दुरुस्ती, असं करत त्याने दोन रविवार जमवले. पहिल्या शर्यतीची त्याला चिंता नव्हती. ती दसऱ्याच्याच दिवशी होती, आणि दसऱ्याला कारखाना बंद असतो. तो गोल त्याने दोनदा गिरवला होता.

आणि मी? मी वर्गात पाढे म्हणून घेताना डस्टर डावीकडे-उजवीकडे फिरवत असायची. पिंपरीहून येताना औषधाच्या कारखान्याचा तो उग्र वास नाकात गेला की बसच्या ड्रायव्हरचे पाय बघत बसायची, तो क्लच अर्धाच सोडतो म्हणून मनात त्याच्यावर चिडायची. रात्री पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि मला वाटायचं, हा कधी एकदाचा उघडेल. उघडल्यावर माझं काय होणार होतं? मी घड्याळच धरणार होते. तरी जीव नुसता टांगणीला.

मग एका गुरुवारी ती सीट आली. मूळची सरकती सीट काढून तो शेडच्या मागे ठेवून आला होता आणि तिच्या जागी पत्रा वाकवून केलेली नवीन सीट बसवलेली होती. टूलरूममध्ये फिक्श्चर नावाचा प्रकार असतो. लोखंडाचा तुकडा कापताना तसूभरही हलू नये म्हणून त्याला करकचून धरून ठेवणारा साचा. त्याने माणसासाठी फिक्श्चर केलं होतं. चार बोल्ट आणि शिवाय दोन जाड पिना, ठोकून घट्ट बसवलेल्या, सीट कधीच जागची हलू नये म्हणून. मी आत बसून बघितलं. तो जवळजवळ सहा फूट, मी त्याच्या खांद्याला. माझा पाय क्लचच्या वर हवेत राहिला.

"जुनी का काढलीत?" मी विचारलं.

"खटका झिजलाय. वळणावर सुटेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मे महिन्यात सुटला नव्हता तो खटका. माझ्या फेरीला तर मुळीच सुटला नव्हता. मला बसता येऊ नये म्हणून याने माणूस मावेल असा साचा केला आणि त्यात फक्त स्वतः मावेल याची काळजी घेतली, अशी माझी खात्री पटली. मी ते बोलले का? नाही. मला मागायचं नव्हतं. त्याने आपण होऊन म्हणावं, की तूही उतर, अशी माझी हट्टाची इच्छा, आणि तो तर असा माणूस की शेजारच्याने दार वाजवल्याशिवाय शेजार आहे हेच त्याला कळायचं नाही. तेव्हा मी मूग गिळून बसले आणि भांडी आपटली. सासूबाई एकदा म्हणाल्या की पातेल्याला पोचा आला तर तो काही टूलरूममध्ये नीट होत नाही. त्यांना सगळं दिसत होतं, पण त्या विचारायच्या नाहीत.

नवरात्र आलं तसा पाऊस गेला. शनिवारी खंडेनवमी, रविवारी दसरा आणि शर्यत. शनिवारी शाळेत सकाळीच पाटीपूजन उरकलं. कारखान्यातही यंत्रांना हार घालून, पेढे वाटून दुपारपर्यंत सगळे मोकळे झाले. घरी आल्यावर नवऱ्याने पाटावर लाल कापड अंथरून हत्यारं मांडली: पाने, हातोडी, कानशी, मापं घ्यायची ती लखलखीत उपकरणं. त्याचे वडील खडकीला फिटर होते. त्यांच्यापासूनचा नियम असा की नवमीला पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटून झाल्याशिवाय उचलायचं नाही. हा माणूस कशाकशाला मानायचा नाही, पण हे मानायचा. गाडीची सगळी तयारी आदल्या दिवशीच संपवली होती ती याचसाठी. डुकराच्या नाकावर झेंडूचा हार चढला, चाकांखाली लिंबं ठेवली. ती तर त्या दिवशी नवरीच होती.

चारच्या सुमाराला कंपनीचा शिपाई सायकलवरून आला. एक मोठा साचा तडकला होता. दसऱ्याचा एक दिवस यंत्र बंद असेल तेवढ्यात तो दुरुस्त करून चढवायचा होता. टूलरूमचे सगळे आत्ताच्या आत्ता, उद्या संध्याकाळपर्यंत. नाही म्हणायची सोय नव्हती. नवरा आत आला, कॅलेंडरसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "उद्याचं राहिलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी जाते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी तयार होते. तो म्हणेल की बायकांचं काम नाही, लोक काय म्हणतील, गाडी आपटशील. प्रत्येकाला उत्तर चार महिन्यांपासून पाठ होतं. तो फक्त म्हणाला, "सीट?" आणि मग त्याची नजर पाटावरच्या पान्यांकडे गेली, तिथेच थोडी थांबली, आणि तो चपला घालून शिपायाबरोबर गेला.

मी शेडच्या दारात उभी राहिले. आतल्या खोलीत पाटावर पाने, इथे गाडी, आणि मधे मी. शेजाऱ्याकडून पाना मागावा तर त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरात पाने पूजेला बसलेले. कारखान्यांची वस्ती, त्या दिवशी सगळ्या चिंचवडात हात लावायला एक हत्यार मोकळं नव्हतं. मला रडू यायला लागलं होतं आणि रागही, आणि दोन्ही कुणावर ते कळत नव्हतं.

सासूबाई मागून आल्या.

"सकाळी विळीला हळदकुंकू लावलं ना मी?"

मी म्हटलं, लावलंत.

"आणि मग?"

मग त्याच विळीवर त्यांनी तांबडा भोपळा चिरला होता. मीच ताट धरलं होतं.

"सासरी आल्यापासून बघते आहे," त्या म्हणाल्या. "यांच्या हातोडीला दोन दिवस सुट्टी. माझ्या विळीला कुंकू लावलं की लगेच कामाला. नाहीतर खाल्लं काय असतं यांनी? आज तुझं हत्यार कोणतं, ते तू ठरव."

त्या परत स्वयंपाकघरात गेल्या. मी पाटासमोर बसले, नमस्कार केला, आणि कुंकवाचा टिळा लावलेला पाना उचलला. मग हातोडीही घेतली.

बोल्ट निघाले. पिना निघेनात. त्या काढायला गाडीखाली शिरून खालून ठोकाव्या लागल्या, आणि माझ्या नवऱ्याने ठोकून बसवलेली गोष्ट काढणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सासूबाई कंदील धरून बसल्या आणि मधून मधून भाजी जळते का ते बघून आल्या. शेवटची पिन निसटून माझ्या कपाळावर पडली. शेडमागून जुनी सीट आणली, तिच्या सरकत्या पट्ट्यांवर बसवली, पुढे ओढली. खटका टक्कन लागला. मी दोन्ही हातांनी हलवून बघितली. जागची हलली नाही. झिजलाय म्हणे, मी मोठ्याने म्हणाले.

सकाळी वाकडचे काका आले. नवऱ्याने त्यांना शर्यत बघायला बोलावलं होतं. तो नाही आणि बाई चालवणार हे ऐकून त्यांनी टोपी नीट केली आणि पुढच्या खड्ड्यात, म्हणजे जिथे दुसरी सीट होती तिथे, पोतं अंथरून बसले. भोसरी, मोशी करत आम्ही चाकणच्या अंगाच्या माळावर पोचलो. तेव्हा त्या रस्त्याला कांद्याच्या बैलगाड्याच जास्त. माळावर पुण्याची पोरं काळे चष्मे लावून उभी होती. क्लबच्या माणसाने गाडीत वाकून काकांना विचारलं, ड्रायव्हर कुठे आहे. काका म्हणाले, "ह्या काय, बाई."

सुटले, पहिलं वळण नीट घेतलं. दुसऱ्याला मी हसत होते. तिसऱ्या ड्रमला वळसा घालून पाय दाबला, गाडी उसळली, आणि टक्क असा आवाज होऊन सीट माझ्यासकट मागे गेली. समोर फक्त आकाश दिसलं. पाय कशालाच लागेना. स्टिअरिंगला लोंबकळत मी कशीबशी वर आले तोवर एक ड्रम आडवा झाला होता आणि गाडी झेंड्यांच्या पलीकडे काट्यात उभी होती. फेरी पुरी केली. शेवटून मोजायला सोपं पडेल अशा जागी माझा नंबर लागला.

काकांनी विचारलं, "बाई, मधीच कुठं गेला हुता? डोकंच दिसंना तुमचं."

संध्याकाळी नवरा आला. हात काळे, डोळे लाल, खिशात आपट्याची पानं. आईच्या पाया पडला, मला सोनं दिलं. पाटावरचा पाना ग्रीसने माखलेला होता, त्यावर कुंकवाचा डाग तेवढा उरला होता. त्याने तो बघितला. शेडमध्ये जाऊन आला.

"खटका सुटला?"

"सुटला." मी वाट बघत होते, मी सांगितलं नव्हतं का, असं तो कधी म्हणतो त्याची. तो म्हणाला नाही. मग मीच म्हणाले, "नाहीतर वरती आले असते मी."

"हो," तो म्हणाला. "झिजलेलाच होता."

मला राहवेना. चार महिने साठवलेलं ते मी एका वाक्यात विचारलं. "ती सीट मला बसता येऊ नये म्हणून केली होतीत ना?"

त्याला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. त्या चेहऱ्याला सोंग येत नसे. "मी बसणार होतो," तो म्हणाला. "म्हणून माझ्या मापाची केली."

पुढच्या गुरुवारी शाळेतून आले तर त्याने अंगणात स्टूल मांडून ठेवलं होतं. बस म्हणाला. पाय सरळ कर. पोलादी पट्टी घेऊन त्याने माझं कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, आणि लोखंडाचं घ्यावं तसं पुन्हा एकदा घेतलं. सासूबाई दारात बसून शेंगा सोलत होत्या. त्यानंतरच्या गुरुवारी नवी सीट बसली, तसलेच चार बोल्ट, तसल्याच दोन पिना. तो आत बसून बघायला गेला तर गुडघे स्टिअरिंगला लागले. त्याला दारातून बाहेर यायलाच कष्ट पडले.

"अहो, मग तुम्ही?"

"माझे रविवार कंपनीचे आहेत. तुझे मोकळे आहेत." तो पिनेवर शेवटचा ठोका मारत म्हणाला. "एवढं साधं गणित मला पावसाळाभर सुटलं नाही."

मग त्याने दोन्ही हातांनी सीट धरून सगळं वजन टाकून हलवली. गाडी हलली, सीट हलली नाही. आता हलणार नाही, तो समाधानाने म्हणाला आणि हात पुसायला गेला.

मी आत बसले. क्लच पायाखाली, ब्रेक पायाखाली, स्टिअरिंग हाताच्या टप्प्यात. माझ्या मापाचं असं जगात पहिल्यांदाच काही होतं. आणि मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली, स्वच्छ, थंड भीती. मे महिन्यापासून माझ्याजवळ एक 'नाहीतर' होतं. बसू दिलं असतं तर, सीट सुटली नसती तर. त्याच्या उबेत मी चार महिने धुमसत काढले होते, आणि या भल्या माणसाने ते दोन पिनांनी बंद करून टाकलं. पुढचा रविवार कॅलेंडरवर लाल गोलात होता. आता मागे पडले तर मी मागे पडले एवढंच त्याचं कारण असणार होतं.

शेंगांचं ताट घेऊन सासूबाई उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, बसून काय राहिलीस, सुरू कर.

मी किल्ली फिरवली.